टिकलीच्या जागी लाल ठिपका

पत्र

नमस्कार. फेब्रुवारीत मी आणि माझी तेरा वर्षांची लेक गुलमर्गला स्कीइंग शिकायला चाललोय. सात दिवसांचा नवशिक्यांचा कोर्स आहे. दोघींना ऑनलाइन हेल्मेटं मागवली. माझं डोकं ५६ सेंटिमीटर भरलं, तक्त्यात बघून मीडियम घेतलं. पण घालून वीस मिनिटं झाली की कपाळ ठणकतं, आणि काढून आरशात बघावं तर बरोब्बर टिकलीच्या जागी लाल ठिपका. कानांच्या वर मात्र सैल आहे. लार्ज मागवू का? लेकीचं मुद्दाम एक साइझ मोठं घेतलं, पुढची चार वर्षं चालावं म्हणून, तर ते डोक्यावर डुगडुगतं. दीर म्हणतात, "आतून लोकरीची टोपी घाला, फिट्ट बसते." हे म्हणतात, "काऊन पैसे घालवून राहिली? आपलं ॲक्टिव्हाचंच हेल्मेट घेऊन जा ना." मला चष्मा आहे. माल परत करायची मुदत आठ दिवसांत संपते. आणि लेक हेल्मेटवर स्टिकर लावायचे म्हणून हटून बसली आहे. काय करू?

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर

ताई, मुदत जवळ आली आहे म्हणून निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. दोन्ही हेल्मेटं परत करा. लार्ज मागवू नका. लोकरीची टोपी बॅगेत असू द्या, हेल्मेटखाली नको. ॲक्टिव्हाचं हेल्मेट ॲक्टिव्हालाच राहू द्या. स्टिकरचं शेवटी बघू.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे टिकलीच्या जागचा ठिपका. बाकी काही न लिहिता तेवढंच कळवलं असतं तरी अर्धं उत्तर देता आलं असतं. एक प्रयोग करा. शिवणाच्या डब्यातून नाडी घ्या, ५६ सेंटिमीटरवर गाठ मारा आणि ते कडं टेबलावर ठेवा. आधी ते संत्र्यासारखं गोल करा. मग पुढून-मागून ओढून आंब्यासारखं लांबट करा. नाडी तेवढीच, आकार दोन. डोक्यांचंही तसंच असतं. वरून पाहिलं तर कुणाचं डोकं संत्रं, कुणाचं आंबा, आणि टेप दोघांनाही ५६च सांगते. तुमचं डोकं लांबट आहे आणि आलेलं हेल्मेट आतून गोल आहे. म्हणून ते कपाळावर रुततं, बहुधा मागच्या फुगवट्यावरही दाबत असेल, आणि कानांच्या वर दोन्हीकडे फट राहते. ज्यांचं याच्या उलट होतं, म्हणजे कानशिलं चेपतात आणि कपाळापुढे जागा उरते, त्यांचं डोकं गोल आणि हेल्मेट अरुंद.

आता लार्ज घेतलंत तर कपाळाला बरं वाटेल, नाही असं नाही. पण बाजूची फट रुंदावेल, ती भरायला तुम्ही मागचं डायल, म्हणजे आतली पट्टी आवळायचं चक्र, आवळाल, आणि डायलची पट्टी डोकं पुढे ढकलत ढकलत कपाळ पुन्हा त्याच जागी नेऊन टेकवेल. पैसे दुसऱ्यांदा, ठिपका तिथेच.

या डायलबद्दल फार गैरसमज आहे. लोकांना वाटतं की ते फिरवलं की हेल्मेट लहान होतं. होत नाही. आतली प्लॅस्टिकची पट्टी तेवढी आवळते. बाहेरचं कवच आणि मार झेलणारा थर्माकोलचा थर (हो, थर्माकोलच तो, आपल्या मखराच्या थर्माकोलचा घट्ट भाऊ) जसा आहे तसाच राहतो. म्हणून पारख अशी करायची: डायल पूर्ण सैल सोडून हेल्मेट घाला. तेव्हाच ते डोक्याला चहूबाजूंनी लागलं पाहिजे, कुठे रुतलं नाही पाहिजे आणि कुठे पोकळ राहिलं नाही पाहिजे. त्यानंतर डायलचे दोन-चार खटके, बस. ज्या हेल्मेटला डोक्यावर टिकायला पूर्ण डायल आवळावं लागतं ते तुमचं नाही, ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

मग तुम्ही घ्यायचं काय? मीडियमच, पण दुसऱ्या कंपनीचं किंवा त्याच कंपनीचं वेगळं मॉडेल, आतून लांबट आकाराचं. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, त्यामुळे एकीचं मीडियम छळतं आणि दुसरीचं मीडियम घातल्याचं कळतही नाही. "आशियाई फिट" असं लिहिलेलं बघून, आपण आशियातले म्हणून, ते उचलू नका. तो साचा बाजूंना रुंद असतो, पूर्व आशियातल्या गोल डोक्यांसाठी केलेला. तुमच्या डोक्याला तो आणखी त्रास देईल. काही हेल्मेटांत पुढची गादी वेल्क्रोने निघते आणि सोबत पातळ गादी येते. तेवढ्याने भागत असेल तर छान. पण आतला थर्माकोल सुरीने खरवडणे, चमच्याने दाबून खळगा पाडणे, हे उद्योग घरच्या कुणालाही करू देऊ नका. जिथे तो थर पातळ झाला तिथे तुमचं डोकं उघडं पडलं असं समजा.

मापही एकदा पुन्हा घ्या. टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून. केस मोकळे, अंबाडा सोडून. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. दोन साइझच्या सीमेवर आलात तर आधी लहान घालून बघा, कारण गाद्या वापराने दबतात आणि हेल्मेट सैलावतं. ते आपोआप घट्ट कधीच होत नाही.

लेकीचं प्रकरण वेगळं. शाळेचा युनिफॉर्म आपण वाढत्या अंगाचा शिवतो, खाली चार बोटं दुमड ठेवतो, तसा हिशोब तुम्ही इथे लावलात. मीही लावला असता. पण हात-पाय वाढतात तसं डोकं वाढत नाही. तेराव्या वर्षी ते बहुतेक मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं. म्हणजे आज तिच्या मापाचं बसणारं हेल्मेट तिला पुढची काही वर्षं पुरणारच होतं, आणि आज सैल आहे ते बहुधा सैलच राहील. तिचं डोकं मोजा, आज बसेल ते घ्या.

तिला आरशासमोर उभी करा. पट्टा उघडा ठेवून मान "हो, हो" आणि "नाही, नाही" अशी जोरात हलवायला सांगा, आणि तुम्ही हेल्मेटकडे न बघता तिच्या भुवयांकडे बघा. बरोबर बसलेलं हेल्मेट हललं की कपाळाची कातडी आणि भुवया त्याच्याबरोबर हलतात. भुवया जागच्या जागी आणि हेल्मेट वर नाचतंय, तर नापास. मग पट्टा लावून मागच्या कडेखाली तळवा घालून हेल्मेट वर-पुढे ढकला; डोळ्यांवर येता कामा नये. समोरची कड धरून मागे सारा. कपाळ उघडं पडता कामा नये. दोन वेण्या असतील तर त्या खाली मानेशी, कानांच्या मागून. उंच पोनी आणि फुलपाखराची क्लिप चालणार नाही. क्लिप हेल्मेटखाली राहिली तर पडल्यावर मार नेमका तिच्यावर येतो.

टोपीचं मी स्वतःवरून सांगते. चाळिशीला टेकले असताना मीही गुलमर्गला शिकायला गेले होते. भाड्याच्या दुकानात लाल हेल्मेट आवडलं, मोठं होतं, तर तुमच्या दिरांसारखाच विचार करून आतून लोकरीची कानटोपी चढवली. आरशात अगदी फिट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी, लहान मुलं घसरगुंडी खेळतात तेवढ्या उतारावर, मी मागे पडले. सकाळचा बर्फ मऊ नसतो. रात्रभर गोठून फरशीसारखा झालेला असतो. लोकर आतल्या गुळगुळीत अस्तरावरून सरकली, हेल्मेट पुढे येऊन गॉगलवर आदळलं, आणि मागचं डोकं, जे टेकणार होतं नेमकं तेच, उघडं. टेंगूळ आलं, नशिबाने तेवढंच. शिकवणारा मुलगा आला, त्याने पट्टा सोडला, टोपी ओढून काढली आणि माझ्या मांडीवर ठेवत म्हणाला, "मॅडम, ये टोपी होटल के लिए है." दुपारी जाऊन मी एक साइझ लहान, कळकट पिवळं हेल्मेट घेतलं. ते शेवटपर्यंत हललं नाही.

फारच थंडी वाटली तर हेल्मेटखाली घालायची तलम, एकेरी कापडाची टोपी मिळते, डोक्याला कातडीसारखी चिकटणारी. ती घालणार असाल तर मापही ती घालूनच घ्या. खरं तर स्कीच्या हेल्मेटला कानांच्या मऊ गाद्या असतात, वाऱ्याची भोकं बंद करता येतात, आणि शिकताना पडून-उठून घामच फुटतो.

चष्म्याकडे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या डोकेदुखीत त्याचाही वाटा असू शकतो. कानाची गादी चष्म्याची काडी डोक्यात दाबते. दुखणं कानाच्या वर सुरू झालं तर दोष काडीचा, कपाळावर असेल तर साच्याचा. गॉगल चष्म्यावरून घालायचा येतो, आतून काड्यांना जागा असलेला, तोच घ्या आणि हेल्मेट घ्यायच्या आधी घ्या, कारण दोघांची गाठ जमली पाहिजे. तिन्ही गोष्टी अंगावर चढवून आरशात बघा. गॉगलची वरची कड आणि हेल्मेटची पुढची कड यांच्यात कपाळाची पट्टी दिसते? तिथून वारा असा काही बोचतो की आईसगोळा घाईघाईत खाल्ल्यासारखं डोकं धरतं. उलट हेल्मेट गॉगलला खाली दाबून नाक बंद करतंय? मग श्वास वर जाऊन काचेवर धुकं, त्यामागे चष्म्यावर दुसरं धुकं. गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या बाहेरून, मागच्या पकडीत.

हनुवटीचा पट्टा: कानाच्या पाळीखाली दोन्ही पट्ट्या एकत्र याव्यात, गळा आणि पट्टा यांत एक बोट जावं, आणि मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं जावं. बक्कल हातमोजे घालून लावता-काढता येतं का ते घरीच बघा.

हो, हे सगळं घरी, फेब्रुवारीच्या नागपुरात. पंखा लावा आणि एखादी मालिका पूर्ण बघून होईस्तोवर दोघी हेल्मेट, गॉगल घालून सोफ्यावर बसा. शेजारचं कुणी साखर मागायला आलं तर येऊ द्या. पाच मिनिटांत सगळीच हेल्मेटं बरी वाटतात. पाऊण तासाने काढून कपाळ बघा. सगळीकडे सारखी, हलकी गुलाबी छटा असेल तर ठीक, एका जागी ठिपका असेल तर तेही परत. टॅग तोवर कापू नका.

आता ॲक्टिव्हा. तुमच्या घरच्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, तेही हेल्मेट, हेही हेल्मेट. पण पूर्ण तोंडाचं दुचाकीचं हेल्मेट किलोच्या आगेमागे भरतं, स्कीचं साधारण त्याच्या निम्म्याने. दिवसभर पडत-उठत वावरताना हा फरक मान सांगते. त्यात स्कीचा गॉगल नीट बसत नाही, काच श्वासाने धुरकटते, आणि कान बंद झाल्याने मागून येणाऱ्याची हाळी ऐकू येत नाही. उलटंही लक्षात असू द्या: तिकडून आल्यावर हलकं छान आहे म्हणून स्कीचं हेल्मेट घालून दुचाकीवर बर्डीच्या बाजाराला निघू नका. दुचाकीला आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्काच लागतो. स्कीच्या हेल्मेटमध्ये बघायचा शिक्का वेगळा, युरोपचा ईएन १०७७ किंवा अमेरिकेचा एएसटीएम एफ २०४०. ईएनमध्ये अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गाचं कवच कानांवरूनही येतं, ब वर्गात कानांवर मऊ गादी असते. नवशिक्याला ब वर्ग पुरतो. "मिप्स" असं लिहिलेलं दिसेल, तो आतला एक पातळ थर असतो, तिरका मार बसला तर हेल्मेट डोक्यावर किंचित सरकू देणारा. चांगली सोय आहे, पण न बसणाऱ्या मिप्सपेक्षा बसणारं साधं बरं.

मुदतीत दुसरं मिळालं नाही तर घाबरू नका. गुलमर्गला स्की, बूट यांच्याबरोबर हेल्मेटही भाड्याने मिळतं, आणि एकदाच जाणाऱ्याला मी तेच सुचवीन. फक्त दुकानात घाई करू नका. आत हात फिरवून थर्माकोलला चीर, खळगा नाही ना बघा, बक्कल चार वेळा लावून-काढून बघा, आतला शिक्का वाचा आणि आरशासमोरचा सगळा खेळ तिथेही करा. मागे रांग असेल, असू द्या. घरचं मोजमाप कागदावर लिहून न्या. आणि "माझं डोकं लांबट आहे" हे दुकानदाराला सांगा, तो दोन-तीन हेल्मेटं पुढ्यात टाकेल. दुसऱ्याचा घाम नको वाटत असेल तर ती तलम टोपी इथे कामी येते.

एक गफलत तिथे हमखास होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. पहिल्या दिवशी उंचीमुळेही डोकं दुखू शकतं, आणि बिचारं हेल्मेट बदनाम होतं. ओळखायचं असं: हेल्मेटचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि हेल्मेट काढल्यावर थोड्या वेळात ओसरतं. उंचीचं दुखणं सगळ्या डोक्याला असतं, हेल्मेट खोलीवर ठेवलं तरी सोबत जेवायला येतं, बरोबर मळमळ, थकवा, भूक नसणं. त्यावर उपाय डायल सैल करणं नाही. त्या दिवशी आराम करायचा, पाणी प्यायचं, आणि वाढत असेल तर डॉक्टर गाठून खाली उतरायचं.

लेक सोबत आहे म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते, नको वाटली तरी. मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही ब्रिटिश अभिनेत्री कॅनडात क्वेबेकच्या माँ-त्राँब्लाँला नवशिक्यांच्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, मी ठीक आहे म्हणाली, मग डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांत गेली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. डोकं आपटल्यावर, हेल्मेट असलं तरीही, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर "थोडं झोपून बघ" म्हणायचं नाही. आणि ज्या हेल्मेटने जोराचा मार खाल्ला ते बाद. वरून ओरखडा नसला तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, आणि दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

हेल्मेट विमानात हातातल्या सामानात न्या, आत मोजे-मफलर कोंबून. परत आल्यावर ते गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. आपल्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ पार करतो, बंद गाडीत तर विचारू नका. तिथे गोंद सुटतो, थर वाकतो. कपाटात, साडीच्या कप्प्याखाली जागा करा. गाद्या काढून साध्या साबणाने हाताने धुवा. लेकीच्या डोक्याला तेल असेल तर दर दिवशी पुसाव्या लागतील. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर आसपासही नको.

राहिले स्टिकर. कडक कवचावर दोन-तीन लावू द्या, हेल्मेटबरोबरच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर. स्प्रे पेंट अजिबात नाही. फक्त आत्ताच नको. पाऊण तासाची मालिका होऊ द्या, कपाळ बघा, मुदतीचा शेवटचा दिवस जाऊ द्या. स्टिकर लावलेलं हेल्मेट कुणी परत घेत नाही.